पहिला दाब

राघोनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. झालं ते एवढंच. पेपरात छापून यावं असं काही नाही, कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. गॅरेजसमोर जुन्या टायरांची चळत होती, तिच्यात व्हॅनचं नाक घुसलं, वरचे टायर गडगडत मिठागराच्या बांधापर्यंत गेले आणि गाडी उभी राहिली. तीही राघोनं शेवटाला हँडब्रेक खेचला म्हणून. पण पंचशीला त्या वेळी मागच्या बाकड्यावर बसली होती. स्वतःच्याच व्हॅनमध्ये, शाळेच्या पोरांच्या जागेवर, मिठाच्या गोण्यांच्या मधोमध. शेजारची गोणी कलंडून तिच्या मांडीवर आली, पुढची खाली आपटून फुटली आणि जाडं, ओलसर, करडं मीठ तिच्या पायांवर सांडलं. मांडीवरची गोणी आपण दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलीय, हे तिला गाडी थांबल्यावर कळलं. आणि आणखी एक कळलं, ते जास्त वाईट होतं. तिचा उजवा पाय पुढे ताणलेला होता आणि समोरच्या सीटच्या पत्र्यावर टाच रुतवून दाबत होता. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता, तरी पाय दाबत होता आणि डोक्यात एकच चाललं होतं: दुसऱ्यांदा दाब. अरे, दुसऱ्यांदा दाब ना.

"आयला!" राघो स्टिअरिंगवर दोन्ही हात टेकून म्हणाला. "ब्रेक कुठं हाय याला?"

"दुसऱ्यांदा कुठं दाबलात तुम्ही?" पंचशीला मागून ओरडली. "एकदा दाबून सोडून दिला!"

राघोनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मुर्धा गावचा मेकॅनिक, जन्म गाड्यांखाली गेलेला, तोंडानं फाटका. एरवी त्यानं शिवी घातली असती. आत्ता तो नुसता बघत राहिला. "काय बोललीस बाय?"

"दोनदा दाबायचा असतो ना ब्रेक. पहिल्या दाबाला कुठं थांबत असती का गाडी?"

"ब्रेक हाय का दाराची कडी? दोनदा वाजवायला?"

"सगळेच दोनदा दाबतात."

"कोन सगले?"

पंचशीलानं मनात मोजून पाहिलं. सगळे म्हणजे धम्मपाल, तिचा नवरा. सगळे म्हणजे ती स्वतः. यापलीकडं तिनं कुणाच्या पायाकडं कधी पाहिलं होतं? दुसऱ्याची गाडी तिनं जन्मात चालवली नव्हती. लायसनच्या चाचणीला तेवढं एजंटाच्या गाडीत बसून हातभर पुढे आणि हातभर मागे, तेवढ्यात खिडकीतला माणूस जांभई देऊन म्हणाला, झालं, नेक्स्ट. बाकी सगळं शिकणं याच व्हॅनवर, याच मिठागराच्या कडेच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, शेजारी धम्मपाल.

राघो खाली उतरला. गाडी ढकलून त्यानं मागे घेतली, बोनेटचा चेपलेला कोपरा अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाला, "ये इथं. पाय नको, हात ठेव. दाब आन् धरून राव." ती दारात वाकून बसली आणि ब्रेकच्या पेडलवर तळहात ठेवला. दोन वर्षांत या वस्तूला तिनं हात लावला नव्हता. रबर गुळगुळीत झालं होतं, मधोमध तिच्याच चपलेनं झिजलेला खड्डा. तिनं दाबलं. पेडल अडलं. "धरून राव," राघो म्हणाला. आणि तिच्या हाताखाली ते हळूहळू खाली जायला लागलं. झटक्यानं नाही. दिवसभर उभा राहिलेला माणूस भिंतीला पाठ लावून खाली सरकतो, तसं. सुस्स असा अगदी बारीक आवाज आला आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. "बघितलंस? मास्टर गेलाय, ब्रेकचा मास्टर सिलिंडर. आतले रबर खलास. बाहेर थेंब गलत न्हाय, ऑइल कमी होत न्हाय, वाजत न्हाय, काय न्हाय. आतल्या आत. तू दुसऱ्यांदा मारतेस तवा थोडा जोर येतो, म्हनून थांबते. ज्या दिवशी दुसऱ्यांदा मारायला टाइम न्हाय मिलणार त्या दिवशी..." फुटलेल्या गोणीकडं बघून त्यानं हातानं एक खूण केली आणि पाना शोधायला आत गेला.

गाडी इथं आली होती ती आवाजासाठी. ब्रेकसाठी नव्हे. आवाज पावसाळ्यानंतर सुरू झाला. ब्रेक दाबला की मागून कर्रर्र, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं, दातांत शिवशिवणारं. पोरांनी त्याची नक्कल सुरू केली. पूनम सागरच्या वळणावर ती ब्रेक दाबायच्या आधीच सगळी एका सुरात करायची, कर्रर्र, आणि मग गाडीही करायची, आणि मग हसू. पण घरी जाऊन सांगताना हसू गळून जायचं आणि आवाज तेवढा उरायचा. मग आयांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या खुणांसकट मेसेज: व्हॅनमधून खूप आवाज येतो, मुलं घाबरतात, प्लीज चेक करा. प्लीजच्या आत काय असतं ते पंचशीलाला पाठ होतं. घर भाड्यानं शोधताना असंच प्लीज ऐकलं होतं. आडनाव सांगितल्यावर माणसाचा आवाज एकदम गोड व्हायचा. प्लीज, तुम्ही समजून घ्या, मला काही नाही, सोसायटीचं आहे. नाव विचारायचे, ती म्हणायची पंचशीला. काय? पंचशीला. दुसऱ्यांदा सांगूनही लोकांनी ते शीला करून टाकलं, आणि व्हॅनमधल्या पोरांनी शीलाआंटी. तिनं चालू दिलं. किती ठिकाणी तिसऱ्यांदा सांगत बसायचं.

तर आवाज. राघोकडं ती तिसऱ्यांदा आली होती. दर वेळी गाडी रिकामी असली की आवाज गायब. ती चालवायची आणि राघो दरवाज्याला लोंबकळून चाकापाशी कान नेऊन ऐकायचा, रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. ड्रम खोलले, लायनर घासले, दगड अडकलाय म्हणून पत्रा वाकवला. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी पोरं बसली की कर्रर्र. "तुझी गाडी मला बघून गप बसते," राघो म्हणायचा. चालवायला मात्र तिनं त्याला कधी दिली नव्हती. धम्मपालनं बजावलं होतं, स्टिअरिंग कुणाच्या हातात द्यायचं नाही, एकदा दुसऱ्याचा पाय लागला की क्लच बिघडतो. आज शनिवार, शाळा बंद. राघो म्हणाला, पोरं न्हाय तर पोरांचं वजन टाकू. मिठागरावर त्याचा चुलतभाऊ, त्याच्याकडून गोण्या आणल्या, बाकड्यांवर बसवल्या. खरोखर बसवल्या, टेकवून, एकमेकींना आधार देऊन, खिडकीकडं तोंड करून असल्यासारख्या. मग म्हणाला, आता तू मागं बस न् ऐक, रोज पोरं ऐकतात तिथं. मी चालवतो. मागं बसल्याशिवाय ऐकू येणार नव्हतं, म्हणून ती मागं बसली. म्हणून राघोचा पाय ब्रेकवर पडला. दोनदा दाबायचं माहीत नसलेला पहिला पाय.

गॅरेजच्या बाहेर उपड्या घातलेल्या बॅटरीच्या खोक्यावर ती बसून राहिली. समोर मिठागराचं पाणी चकाकत होतं, त्यापलीकडं टॉवर, टॉवरांच्या अंगावर हिरव्या जाळ्या. राघो गाडीच्या पोटात शिरला होता, मधूनमधून पाना पडल्याचा आवाज येत होता. तिला वाटलं होतं, आपण आता हुश्श करू. रोग सापडला, दुरुस्त होतोय, कुणाला काही झालं नाही. पण जे झालं नव्हतं ते सगळं तिच्या डोळ्यांपुढं एकामागून एक होऊ लागलं. शांती नगरच्या नाक्यावर पाण्याचा टँकर मागं येत होता, त्याला रिव्हर्सचा आवाजच नव्हता. तिनं दाबला, मग दाबला, आणि टँकरची लोखंडी शिडी काचेपासून वीतभर राहिली होती. पोरं टाळ्या वाजवत होती. आत्ता ती शिडी आत आली. पूनम सागरच्या गेटवर म्हातारा कुत्र्याला घेऊन मध्येच उतरला होता. आत्ता तो वाचला नाही. नया नगरच्या गल्लीत, मेट्रोच्या खांबाखाली, शाळेच्या उतारावर. रोज किती वेळा तिनं पाय उचलून पुन्हा ठेवला असेल, आणि त्या उचलण्यात आणि ठेवण्यात जी फट होती तिच्यात रोज बारा पोरं बसलेली होती. पहिल्या बाकड्यावर सान्वी, जिला पुढं बसलं नाही तर उलटी होते. मागे साईराज, जो डबा आधीच खाऊन टाकतो आणि शाळेत रडतो. ती त्यांना हाताला धरून उतरवायची, बॅग चढवायची, नाक पुसायची, आणि आया म्हणायच्या, शीलाताई आहे म्हणून आम्हाला टेन्शन नाही. टेन्शन नाही! तिला अंगावरचं मीठ झाडावंसं वाटलं. झाडलं. चपलेत गेलेलं गेलं नाही, ते टोचत राहिलं.

आणि मग ते वाक्य आलं. येणारच होतं. मघापासून ती त्याला बाजूनं टाळत होती. "पहिला दाब गाडीला सांगायला, दुसरा थांबवायला." दोन वर्षांपूर्वी, याच रस्त्यावर. साखरेनं धम्मपालचे डोळे खायला सुरुवात केली होती. माणूस दिसायचा पण माणसाचं तोंड दिसायचं नाही, सिग्नल दिसायचा पण रंग पोहल्यासारखा. व्हॅन विकायची नाही, तू शिक, तो म्हणाला. ती म्हणाली, या वयात? तो म्हणाला, वय गाडीचं बघ, तुझं कशाला बघतेस. पहिल्या दिवशी तिनं ब्रेक असा हाणला की दोघांची डोकी काचेवर. तेव्हा त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात ते सांगितलं. जनावर असो, गाडी असो, एकदम ओढायचं नाही. पहिला दाब सांगायला. दुसरा थांबवायला. परभणीहून आलेला, दहावी नापास, अर्धं आयुष्य टेम्पोवर काढलेला हा माणूस असं बोलतो, याचा तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. लग्नाला बावीस वर्षं होऊन गेल्यावर नवऱ्याच्या प्रेमात पडायला होतं, तसं झालं होतं. ते वाक्य तिनं जपलं. पोरगी संघप्रिया पुण्याला पहिल्या नोकरीवर निघाली, साहेबाशी बोलायला घाबरत होती, तेव्हा तिला दिलं: आधी सांगायचं, मग थांबवायचं. विहारात बायकांना सांगितलं. दुसऱ्या व्हॅनवरच्या पिंकीला सांगितलं, तर ती म्हणाली, क्या बात है भाभी, आणि हसली. ती का हसली ते आता कळत होतं. पिंकी ब्रेक एकदाच दाबत होती.

मग हे वाक्य काय होतं? खराब ब्रेकची पावती? त्याला तेव्हाच माहीत होतं, की गाडी एका दाबात थांबत नाही, आणि दुरुस्त करायच्या ऐवजी त्यानं तिला कविता शिकवली? तिला एकदम इतका राग आला की ती उठून उभी राहिली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून पुन्हा बसली. आयुष्यभर असंच तर शिकत आलो, तिला वाटलं. जे मोडकं आहे ते रीत म्हणून शिकवतात, आणि आपण ती रीत नीट पाळली की शाबासकी देतात. सासरी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, नळाला धार बारीकच असते, हंडा तिरपा लावायचा. किती वर्षं हंडा तिरपा लावला. नळच बदलायचा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्याही नाही. ती तर हंडा तिरपा लावण्यात पटाईत झाली होती.

"राघोदादा," ती गाडीखाली वाकून म्हणाली, "कधीपासून असेल हे?"

"काय?" खालून.

"मास्टर. दोन वर्षं झाली असतील का?"

"छ्या! दोन वरसं न्हाय टिकत. पावसाच्या आधी सुरू झाला असंल, मग हलूहलू. आधी थोडा, मग जास्ती. दोन वरसं असता तर तू आज इथं बसली नसतीस." मग जरा थांबून, "का गो?"

"काही नाही."

म्हणजे त्यानं शिकवलं तेव्हा ब्रेक धड होता. खोटं शिकवलं नव्हतं. राग जिथं टेकला होता ती भिंतच कुणीतरी काढून घेतल्यासारखं तिला झालं. धड ब्रेक ती दोनदा दाबत राहिली, आणि एक दिवस ब्रेकला खरंच दुसरा दाब लागायला लागला, आणि पायाला काही वेगळं करावंच लागलं नाही. रोगाला लपायला जागा आधीपासून करून ठेवलेली होती. पण अगदीच कळलं नव्हतं का? इथं तिचं मन थबकलं. कळलं होतं. काहीतरी कळलं होतं. श्रावणापासून तिला वाटायला लागलं होतं की आपला उजवा पाय कमी पडतोय. गाडी थांबायला वेळ लागतो, दुसरा दाब खोल जातो, पोटरी दुखते. तिनं त्याचा अर्थ काय लावला? वय. पाळी जायला आलीय, घाम फुटतो, रात्री झोप नाही, पायात जोर नाही. गुडघ्याला मलम आणून चोळायला लागली, पोरं उतरवून आल्यावर, गुपचूप, धम्मपालला वास येऊ नये म्हणून न्हाणीत. गाडीत काही बिघडलं असेल असं एकदाही मनात आलं नाही. गाडीचा आवाज येत होता त्यासाठी तिनं तीन खेपा घातल्या. आपल्या पायाचा आवाज येत नव्हता, तो आपला दोष, तो आपण न्हाणीत चोळायचा.

दुपार कलताना मास्टर बसला. राघोनं तिला पेडल दाबायला लावलं, ब्रेकच्या नळीतली हवा काढली, पुन्हा दाबायला लावलं. मग फुटकी गोणी सोडून बाकीच्या गोण्या परत बसवल्या आणि या वेळी तिला स्टिअरिंगवर बसवून स्वतः मागं बसला. कर्रर्र आला. राघो मागून हसायलाच लागला. "सापडला! तुझ्या नवऱ्यानं हे बाकडं लावलंय ना? वेल्डिंग तुटलंय. पोरं पुढं झुकली का गॅसच्या टाकीच्या पट्टीवर घासतं. याचा आन् ब्रेकचा काय संबंध न्हाय बाय. रिकाम्या गाडीत कुठनं येणार?" टायरच्या ट्यूबचा एक तुकडा कापून त्यानं मध्ये घुसवला. आवाज गेला. बाराही आया ज्याच्यासाठी हात जोडत होत्या तो आवाज ट्यूबच्या तुकड्यानं गेला. ती घरी निघाली. पहिल्या स्पीडब्रेकरला तिनं दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, "ओ मॅडम, सो गए क्या?" आणि तिचा पाय, उचललेला, दुसऱ्या दाबासाठी हवेत.

धम्मपाल दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असतो. डोळे गेल्यापासून ती त्याची जागा. खालच्या गाड्या तो आवाजावरून ओळखतो, कुणाची बेअरिंग गेलीय, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, ते माणूस जिना चढायच्या आत सांगतो. बिल्डिंगमधले लोक गंमत म्हणून विचारतात आणि त्याला ते आवडतं. ती आत आली, पर्स खुंटीला लावली.

"गेला आवाज," तो तिकडूनच म्हणाला.

"गेला."

"मागचं उजवं ड्रम ना? मी म्हणत होतो."

"बाकडं. तुम्ही लावलेलं. वेल्डिंग तुटलं होतं."

"अरे तिच्या!" तो खुशीत हसला. "म्हणजे मीच वाजत होतो." मग मान तिरपी करून, "आणि आज एका टप्प्यात थांबलीस. खाली. रोज दोन टप्प्यांत थांबतेस."

ती स्वयंपाकघरात पाणी पीत होती. तिनं तांब्या ठेवला आणि गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"रोज ऐकू येतं तुम्हाला ते?"

"न यायला काय झालं? चाकाखाली वाळू वाजते. एकदा थोडं, मग पुन्हा."

"ब्रेक गेला होता," ती म्हणाली. "मास्टरचे रबर गेले होते. राघोनं दाबला तर गाडी टायरांत घुसली."

धम्मपालचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतून रिकामं झालं. ती बोलत राहिली. "पावसाच्या आधीपासून. दोन टप्प्यांतलं अंतर वाढत गेलं असणार. हळूहळू. तुम्हाला ऐकू आलं?"

खालून कुणाची तरी स्कूटर गेली. ती कुणाची ते त्यानं सांगितलं नाही.

"आलं," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं..." त्यानं मांडीवर हात घासले. "मला वाटलं तुझा पाय आहे. पाय भ्यायलाय. एवढी पोरं, एवढी ट्रॅफिक. बाईमाणूस, कापतच असणार. बोललो असतो तर तू गाडी सोडून दिली असतीस. म्हटलं, कशाला दुखवा. होईल नीट."

तिनं मनात पुष्कळ काही तयार केलं होतं, ते खोटेपणासाठी होतं, लबाडीसाठी. या माणसानं दया केली होती. त्याला लोखंडाचा आवाज आला आणि त्यात त्याला बायको ऐकू आली. आणि सगळ्यात संताप येण्याजोगं हे, की तिलाही तेच ऐकू आलं होतं. दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून एकाच गोष्टीवरून एकच निदान केलं होतं, आणि एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प बसले होते, आणि रोज सकाळी त्या गप्पपणात बारा पोरं चढत होती.

"मी गुडघ्याला मलम लावत होते," ती म्हणाली. "ब्रेकच्या रबरासाठी."

"काय?"

"मलम. चार ट्यूबा संपल्या. न्हाणीत लपून." ती हसली, ते हसणं तिलाच परकं वाटलं. "आणि ते वाक्य? तुमच्या उस्तादाचं होतं का?"

त्याला कुठलं वाक्य ते विचारावं लागलं नाही. "दाब उस्तादाचा," तो म्हणाला. "त्याच्या टेम्पोचा ब्रेक कधी धड नव्हताच. दोनदा-तीनदा हाणावा लागायचा. मला तीच सवय लागली, तुला तीच शिकवली. वाक्य माझं होतं."

"चांगलं होतं वाक्य."

"पंचशीला," त्यानं हात पुढं केला, अंदाजानं, ती जिथं असेल तिथं. तिनं तो धरला नाही; झिडकारलाही नाही. तो हवेत राहिला, मग त्यानं तो गॅलरीच्या गजावर ठेवला, जणू गजच हवा होता. "आता नीट झालं ना? झालं तर मग. कुणाला काही झालं नाही. ग्रुपवर टाक, आवाज काढला, गाडी फर्स्टक्लास. ब्रेकचं बोलू नकोस. एकदा शब्द गेला की पोरं गेली. लोक काय, निमित्तच बघतात. आपल्याकडं तर जास्तच बघतात."

हे त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. तेच तर. रविवारभर ते तिच्या डोक्यात फिरत राहिलं. त्यांनी विचारलंय आवाजाचं, उत्तर द्यायचं आवाजाचं. गेला. एक शब्द, खरा शब्द. ती फोन हातात घेई आणि ठेवून देई. व्हॅन धुतली, बाकड्यांखालचं मीठ झाडूनं काढलं, तरी कोपऱ्यांतलं निघेना, रबरी चटईच्या खाचांत गच्च बसलं होतं. कुणीतरी विचारेल का, हे मीठ कसलं? पोरं विचारतील. पोरं सगळंच विचारतात. ती झाडू घेऊन मागच्या बाकड्यावर बसली आणि तिथून ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडं बघत राहिली. इथून काहीच दिसत नाही, तिला वाटलं. नुसती पाठ दिसते. जी पाठ दिसते तिच्यावर विश्वास ठेवायचा असतो, एवढंच पोरांच्या हातात आहे.

सोमवारी सकाळी पहिला थांबा पूनम सागर. गेटवर शालू उभी होती, सान्वीचं बोट धरून, दुसऱ्या हातात स्वतःचा डबा. रत्नागिरीकडची, नाक्यावरच्या कपड्यांच्या दुकानात उभं राहून दिवस काढणारी. हिला उशीर परवडत नाही हे पंचशीलाला माहीत होतं. तिनं लांबूनच पाय ठेवला. एकदा. गाडी गेटसमोर नीट, बिनबोभाट उभी राहिली. पाय वर यायला धडपडला, तिनं येऊ दिला नाही, तिथंच दाबून धरला.

"शीलाताई, आवाज गेला वाटतं!" शालूनं सरकता दरवाजा उघडला. "बरं झालं बाई. आमची ही रोज डोकं खायची. गेला ना?"

सान्वीनं एक पाय आत टाकला. चपलेखाली करकरलं. "आंटी, हे काय साखर आहे?"

"मीठ आहे," पंचशीला म्हणाली. आणि मान वळवून शालूकडं पाहिलं. "आवाज गेला. तो बाकड्याचा होता. पण ब्रेक नव्हता गाडीला, शालूताई. पावसाच्या आधीपासून नव्हता. मला शनिवारी कळलं. त्याच दिवशी नवीन टाकलाय. सगळ्यांना सांगणार आहे, आधी तुम्ही भेटलात."

शालूला आधी काही समजलं नाही, मग समजलं. तिचा हात सान्वीच्या दप्तराच्या पट्ट्यावर गेला आणि तिथंच घट्ट झाला. पोर एक पाय आत, एक पाय रस्त्यावर, मध्येच अडकली. "मम्मी, सोड ना. जागा जाईल."

"थांब," शालू म्हणाली.

मागं रिक्षा थांबली, हॉर्न वाजला, दुसरा वाजला. वॉचमन गेटातून बाहेर आला. शालू कधी पंचशीलाच्या तोंडाकडं बघत होती, कधी खाली, तिच्या पायाकडं. पंचशीलानं हँडब्रेक ओढला नाही. इंजिन चालू होतं, रस्त्याला थोडा उतार होता, आणि गाडीचं सगळं वजन तिच्या उजव्या पायाखाली होतं. पेडल खाली जाण्याची ती वाट बघत होती, ते सुस्स ऐकू येण्याची. पेडल जागचं हललं नाही. तिनं तसाच पाय ठेवला आणि शालूचा हात सुटतो का, ते बघत बसली.